आंबा आवरल्यावर व्हेनिस, की दिवाळीत?

पत्र : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. हापूसची बाग आहे, त्यामुळे मेच्या वीस-बावीस तारखेपर्यंत यांना हलता येत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या. तब्येत चांगली आहे, पण उजवा गुडघा दुखतो, जिने चढताना त्रास होतो. आम्ही सगळे शाकाहारी. दहा-बारा दिवस इटलीत फिरायचं ठरवलंय आणि व्हेनिस बघायचंच, असं मुलीने घोकलंय. नात्यातले एकजण म्हणतात, 'जूनमध्ये युरोपात उकडतं, गर्दी मरणाची, दिवाळीच्या सुट्टीत जा, स्वस्तही पडेल.' टूर कंपनी जूनची सहल देते, पण व्हेनिसला अर्धाच दिवस. शिवाय दिवाळीच्या सुमारास व्हेनिस पाण्यात बुडतं म्हणे. कधी जावं आणि किती दिवस द्यावेत?
– एक वाचक, रत्नागिरी

ताई, जूनमध्ये जा. 2 जूनची इटालियन सुट्टी उलटल्यावर येणाऱ्या रविवारी संध्याकाळी व्हेनिसमध्ये पोहोचा, तीन रात्री शहरातच मुक्काम करा आणि बुधवारी निघा. नातेवाइकांनी सांगितलेली गर्दी खरी आहे आणि दिवाळीत स्वस्त पडतं तेही खरं. पण तुमच्या घरातल्या चार माणसांचा विचार केला, तर दिवाळी हा चुकीचा काळ ठरतो. त्याचं कारण पाणी, म्हणून आधी पाण्याचंच सांगतो.

तुम्ही कोकणातल्या आहात, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग तुम्हाला समजावून सांगायला नको. व्हेनिसच्या खाडीतही तेच चालतं, फक्त माप लहान. उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटरचा. आपल्याकडच्या बंदरावर त्याची कोणी दखलही घेणार नाही. पण व्हेनिसचे रस्ते पाण्यापासून इतके कमी उंचीवर आहेत की वीस-तीस सेंटीमीटरनेही चित्र पालटतं. तिथली पातळी 1897 सालच्या एका शून्यावरून मोजतात, आणि समुद्राची सरासरी पातळीच आता त्या शून्याच्या तीसेक सेंटीमीटर वर आली आहे. त्यावर उधाणाची भरती चढली की ऐंशी-नव्वद सेंटीमीटर सहज होतात. सान मार्कोचा चौक हा शहरातला सगळ्यात सखल भाग, तिथे तेवढ्याला पाणी येतं. 110 सेंटीमीटरला शहराचा साधारण आठवा हिस्सा ओला होतो, 140 ला निम्म्याहून जास्त.

आता दिवाळी कधी येते ते बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे ऐन उधाणात. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा, तेही उधाणच. आणि हा सगळा काळ येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा एड्रियाटिक समुद्रावर शिरोक्को नावाचा आग्नेयेकडचा वारा सुटतो. तो समुद्र लांब आणि अरुंद आहे, आणि व्हेनिस त्याच्या वरच्या टोकाला. वारा पाणी त्या टोकाकडे ढकलत नेतो. वर हवेचा दाब कमी असेल तर पाणी आणखी फुगतं. याला तिथे 'अक्वा आल्ता', म्हणजे उंच पाणी म्हणतात. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री ते 187 सेंटीमीटरपर्यंत चढलं. तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा होता. मात्र उधाण टाळलं की झालं, असंही समजू नका. आजवरचा सगळ्यात मोठा पूर 4 नोव्हेंबर 1966 चा, 194 सेंटीमीटरचा. तेव्हा चंद्र अष्टमीच्या आसपासचा होता, म्हणजे भांगाचे दिवस. वाऱ्याने पाणी इतकं दाबून धरलं की ओहोटीच लागली नाही.

2020 च्या ऑक्टोबरपासून खाडीच्या तीन तोंडांवर 'मोझे' नावाचे अडसर काम करतात. एकूण 78 पोलादी झडपा. एरवी तळाशी पाणी भरून आडव्या पडलेल्या असतात. वेळ आली की आत हवा भरून त्या वर उचलतात आणि समुद्र बाहेरच अडतो. त्यामुळे 2019 सारखी आपत्ती आता सहसा व्हायची नाही. पण झडपा उचलायच्या त्या अंदाज 110 सेंटीमीटरच्या वर गेला तरच. ऐंशी ते एकशेदहा या पट्ट्यात त्या तळाशीच राहतात, आणि सान मार्कोचा चौक नेमका त्याच पट्ट्यात भिजतो. 2022 मध्ये चौकातल्या सान मार्कोच्या चर्चभोवती काचेची भिंत उभारली, त्यामुळे चर्च कोरडं राहतं. चौक राहत नाही.

पाणी चढलं की पालिका लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून चालायची वाट करते. तीन-चार तासांत भरती उतरते आणि फळ्याही मोकळ्या होतात. धडधाकट माणसाला ही गंमत वाटते. पण त्या फळ्या अरुंद असतात, कडेला धरायला कठडा नसतो, दोन्ही दिशांनी माणसं एकाच वेळी चालत असतात आणि चढण्या-उतरण्याची पायरी उंच असते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने ओल्या फळीवर, मागून ढकलणाऱ्या रांगेत चालणं आम्हाला मान्य नाही. दुकानांत दहाएक युरोला गुडघ्यापर्यंतच्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात, त्या घालून पाण्यातूनही जाता येतं. पण त्यांचा तळ गुळगुळीत असतो आणि पाण्याखालची पायरी दिसत नाही.

थंडीचाही मुद्दा आहे. नोव्हेंबरात व्हेनिसला दुपारी 12 अंश, रात्री 4. हवा दमट असल्याने हा गारठा हाडांत शिरतो, आणि गुडघ्याला तो आधी कळतो. दिवसही तोकडा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. धुकं पडलं तर बुरानोसारख्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी रेंगाळतात, कधी मार्ग बदलतात. तीन दिवसांतला एक धुक्यात गेला, तर मुलीच्या पदरात उरणार किती?

आता 'जूनमध्ये उकडतं' या म्हणण्याकडे येऊ. युरोपातल्या शहराला 'सर्वोत्तम काळ' कोणता, हे सांगणारं बहुतेक लिखाण थंड देशांतल्या प्रवाशांसाठी केलेलं असतं. लंडन-हॅम्बर्गच्या माणसाला 26 अंश म्हणजे सावली शोधण्याची वेळ. व्हेनिसला जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचं तापमान साधारण 24 ते 26 आणि पहाटेचं 15-16 असतं. तुमच्या रत्नागिरीत जानेवारीच्या दुपारी तीस असतात! त्यामुळे हा उन्हाळा तुम्हाला त्रास देणार नाही, उलट सासूबाईंना संध्याकाळी बोटीवर पातळ शाल लागेल. अधूनमधून उष्णतेची लाट येऊन पारा तिशी ओलांडतो, म्हणून वातानुकूलित खोली घ्या. तेवढी खबरदारी पुरे. जुलै-ऑगस्ट मात्र आम्हीही टाळायला सांगू. दमट हवा, ओहोटीला लहान कालव्यांचा वास, डासांचा भर, आणि ऑगस्टच्या मध्यावर बरीच चांगली खानावळं मालकांच्या सुट्टीमुळे बंद.

पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. एकूण बेरीज पुण्याच्या वार्षिक पावसाच्या आसपास जाते, पण बारा महिन्यांत वाटलेली. जूनचा पाऊस आपल्या वळवासारखा : दुपारनंतर आभाळ भरून येतं, गडगडाट होतो, अर्धा-पाऊण तास झोडपतं, कधी गारा पडतात, आणि मग स्वच्छ. छोटी छत्री बाळगा आणि दुपारी चारच्या सुमारास उघड्या बेटावर अडकू नका, एवढंच. शिवाय दिवस केवढा मोठा! सूर्य सव्वापाच-साडेपाचला उगवतो आणि रात्री नऊच्या आसपास मावळतो. गर्दीवरचा उपाय याच लांबलचक दिवसात आहे.

व्हेनिसच्या जुन्या शहरात राहणारी माणसं आता पन्नास हजारांहून कमी उरली आहेत. गर्दी होते ती मुख्यतः सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांची. ही माणसं साडेनऊ-दहाला आत येतात आणि पाच-सहाला रेल्वे स्थानकाकडे, बसतळाकडे परततात. म्हणजे जूनमध्ये पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ असे साडेसहा तास उजेडही असतो आणि मोकळी जागाही. नोव्हेंबरात गर्दी ओसरेपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणून शहरात मुक्काम करणाऱ्याला जूनची गर्दी अर्धीच भोगावी लागते. टूर कंपनीची अर्ध्या दिवसाची सहल नेमकी अकरा ते चारची असते. व्हेनिस 'गर्दी आणि वास' एवढंच होतं, असं सांगणारे बहुतेक लोक त्या पाच तासांतले.

हेच कारण मेस्त्रेला राहण्याच्या विरोधात जातं. मेस्त्रे हा व्हेनिसचा जमिनीवरचा भाग. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटं लागतात आणि हॉटेलं बरीच स्वस्त. पण मेस्त्रेला राहिलात की तुम्हीही साडेनऊच्या लोंढ्यातच आत येणार, दुपारी पाठ टेकायला खोली जवळ नाही, आणि सासूबाई तीनलाच थकल्या तर सगळ्यांचा दिवस संपला. शहरातल्या तीन रात्रींचा खर्च जास्त आहे हे आम्ही लपवत नाही. तो भरून काढायचा असेल, तर इटलीतल्या बाकीच्या मुक्कामांत काढा.

आता तारखा नीट पाहा. 2 जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. तो मंगळवारी किंवा गुरुवारी आला, तर इटालियन लोक मधल्या सोमवारची किंवा शुक्रवारची रजा टाकून सलग चार दिवस फिरायला निघतात. त्या रजेला ते 'पोन्ते', म्हणजे पूलच म्हणतात. पुलांच्या शहरात त्या चार दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच सुमारास जर्मनीत बव्हेरियाच्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा रविवार येतो. ती तारीख मेच्या अखेरीस की जूनमध्ये, हे कॅलेंडरवर बघून ठेवा, कारण म्युनिकहून गाडीने व्हेनिस एका दिवसात गाठता येतं. दोन्ही सुट्ट्या टळत नसतील तर 2 जूनची नक्की टाळा, दुसरीची थोडी गर्दी सोसा. रविवार संध्याकाळ ते बुधवार एवढ्याचसाठी सुचवलं, की शुक्रवार-शनिवारच्या रात्री सगळ्यात महाग असतात आणि रविवारी संध्याकाळी शहर रिकामं होऊ लागतं.

2024 पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांना काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क भरावं लागतं. 2025 मध्ये एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना मिळून असे 54 दिवस होते. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात आत शिरायचं तर माणशी 5 युरो, आणि ऐनवेळी भरले तर 10. व्हेनिसच्या पालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्याला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे. तुमच्या मुक्कामात रविवार येतोच, म्हणून तुमच्या वर्षाच्या तारखा पालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. लोक इथे हमखास चुकतात : माफी आपोआप मिळत नाही. त्याच संकेतस्थळावर मुक्कामाची नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो चौघांच्या नावांनी काढून फोनमध्ये ठेवा. याखेरीज हॉटेल दर माणशी दर रात्री 1 ते 5 युरो पर्यटन कर वेगळा घेतं. खोलीच्या भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो.

सासूबाईंच्या गुडघ्याचा प्रश्न महिन्याइतकाच महत्त्वाचा आहे. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. रिक्षा नाही, मोटार नाही. सार्वजनिक वाहन एकच, 'व्हापोरेत्तो' नावाची पाण्यातली बस. म्हणून हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोंच्या आधी नकाशा पाहा : बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल? उत्तर शून्य असलं पाहिजे. का दोरो थांब्यावर उतरलं की सरळ स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्यावर येता, मध्ये पूल नाही. त्या भागात तुम्हाला सोयीचं हॉटेल मिळावं. 'पायी पाच मिनिटं' असं लिहिलेल्या हॉटेलच्या वाटेवर तीन पूल असू शकतात, तेव्हा ईमेल करून स्पष्ट विचारा. लिफ्टचंही विचारा. जुन्या इमारतींत ती पुष्कळदा नसते. तळमजल्यावरची खोली गुडघ्याला बरी, पण कालव्याकडे खिडकी असेल तर जूनमध्ये डास येतात. मच्छर पळवणारं यंत्र तिथल्या प्लगला बसतं का, ते इथूनच बघून घ्या.

कपडे सुती असल्याने चौघांना विमानाच्या केबिनमध्ये मावणाऱ्या चार लहान बॅगा पुरतील. हा जूनचा मोठा फायदा, कारण नोव्हेंबरात जाड कोट आणि बूट भरलेल्या दोन मोठ्या सुटकेसा पायऱ्यांवरून वाहाव्या लागतात. विमानतळावरून बसने पियात्साले रोमा या बसतळावर या आणि तिथून 1 नंबरची बोट धरा. पियात्साले रोमाजवळच ती सुरू होते, म्हणून बसायला जागा मिळते. पुढच्या थांब्यांवर मिळेलच असं नाही. हीच बोट ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून सान मार्कोपर्यंत पाऊण तासात जाते. सोमवारी सकाळी साडेआठच्या आत तिच्यात बसा आणि टोकापर्यंत जा. व्हेनिसमध्ये याहून सुंदर काही नाही, असं आमचं ठाम मत आहे, आणि त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.

अलीकडच्या दराने बोटीचं पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट 9.50 युरोला आहे आणि बहात्तर तासांचा पास 45 युरोला, म्हणजे पाच फेऱ्यांतच वसूल. गुडघ्यासाठी एक थांबासुद्धा बोटीने जायचं तर तुमच्या दिवसाला चार-पाच फेऱ्या होतील. मुलीसाठी सहा ते एकोणतीस वयाचं 'रोलिंग व्हेनिस' कार्ड काढलंत तर तिचा तीन दिवसांचा पास स्वस्त पडतो. प्रत्येक फेरीला यंत्रावर पास टेकवायचा. पास असूनही तो न टेकवल्याने लोकांना दंड झाले आहेत.

सान मार्कोला व्हाल्लारेस्सो थांब्यावर उतरा. तिथून चौकापर्यंत गल्लीने पूल न चढता जाता येतं. सान झाक्कारिया थांब्यावर उतरलात तर मध्ये पायऱ्यांचा पूल येतो. चौकात बसायला फुकट जागा नाही. पायऱ्यांवर बसणं, तिथे डबा उघडून खाणं दंडनीय आहे आणि दंड मोठा आहे. सासूबाईंना टेकायचं झालं तर व्हाल्लारेस्सोच्या शेजारीच जार्दिनी रेआली ही जुनी राजबाग आहे, तिथे सावलीत बाकं आहेत. सान मार्कोचं चर्च साडेनऊला उघडतं, पहिल्या वेळेचं तिकीट आधी काढा, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. उंचावरून शहर पाहायला सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या चर्चचा मनोरा सुचवतो. लिफ्ट आहे, रांग छोटी असते, आणि सान मार्कोचा मनोराही त्या देखाव्यात येतो.

बुरानोची रंगीत घरं मुलीला बघायची असणारच. सगळे लोक सकाळी दहाला निघतात, म्हणून तुम्ही मंगळवारी दुपारी आकाश पाहून साडेतीन-चारला फोंदामेन्ते नोव्हे थांब्यावरून 12 नंबरची बोट घ्या. पाऊण तासाचा प्रवास. तिथवर चालत जायला पूल लागतात, म्हणून रेल्वे स्थानकासमोरून उत्तरेच्या बाजूने फिरणाऱ्या बोटीने जा. साडेसातपर्यंत बेटावर सोनेरी ऊन असतं. डासांचं मलम हातापायाला लावून निघा. रोज दुपारी बारा ते साडेतीन मात्र खोलीवर विश्रांतीच घ्या. जूनच्या व्हेनिसचं निम्मं वेळापत्रक त्या विश्रांतीवर उभं आहे.

खाण्याचं थोडक्यात. हे माशांचं शहर, पण मे-जून भाज्यांचाही काळ. पांढरा शतावरीचा कोंब आणि ताजे मटार या दिवसांत मिळतात. मटार-भाताचा तिथला जुना पदार्थ 'रीझी ए बीझी' खिचडीसारखा मऊ असतो, सासूबाईंना आवडेल. पण त्यात डुकराचे तुकडे आणि मांसाचं पाणी घालायची रीत आहे. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा ब्रोदो दि कार्ने' असं तीन वेळा विचारा, म्हणजे मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको. प्यायच्या पाण्याचे नळ चौकाचौकांत आहेत, बाटली भरून घ्या.

आता तुमच्या बागेच्या वेळापत्रकात बसवायची गोष्ट : व्हिसा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत. जूनसाठी डिसेंबरमध्ये दार उघडतं. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, सूट फक्त बारा वर्षांखालच्यांना, म्हणजे तुमच्या मुलीलाही जायचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये वेळा मिळणं कठीण होतं आणि तेव्हा तुमचे यजमान पेट्या भरण्यात असणार. म्हणून जानेवारीत, मोहोराच्या फवारण्यांमधून एक दिवस काढून चौघेही मुंबईला जाऊन या. शुल्क मोठ्यांना 90 युरो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. सासूबाईंचा विमा घेताना आधीपासूनच्या दुखण्याबद्दलचं कलम वाचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. हॉटेल अर्जाआधी, पण रद्द करता येणाऱ्या अटीवर घ्या. त्या वर्षी मेमध्ये कलाप्रदर्शनाचं 'बिएनाले' सुरू होणार असेल, तर खोल्या लवकर संपतात.

विमानाचं एक. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात पहिल्यांदा उतरता तिथे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्याने रांगा लांबल्या आहेत. युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल, तर मध्ये किमान तीन तास ठेवा.

काही कारणाने जून हुकलाच आणि दिवाळीच घ्यावी लागली, तर साल बघून ठरवा. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, ते व्हेनिससाठी सोडून द्या. 2027 चं 29 ऑक्टोबरला, तेही फारसं बरं नाही. 2028 चं मात्र 17 ऑक्टोबरला येतं. तेव्हा दुपारी अठरा अंश असतात, दिवस अजून बरा मोठा असतो, आणि मोठ्या पाण्याचा हंगाम नुकताच सुरू होत असतो. दिवाळीतच जाणार असाल तर अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या मधले, अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. पालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज तीन दिवस आधी कळतो. ऐंशीच्या वर आकडा दिसला, तर त्या तासांत सान मार्कोला न जाता उंचावरच्या भागात राहा. सासूबाईंसाठी त्या काळात एक सोय होते, तीही सांगायला हवी : ऑक्टोबरच्या अखेरीस व्हेनिसची मॅरेथॉन होते, तिच्यासाठी काठावरच्या पुलांवर लाकडी उतार बसवतात, आणि त्यांतले काही पुढे काही महिने तसेच ठेवतात.

मुलगी मोठी झाल्यावर तुम्ही दोघंच पुन्हा गेलात, तर गणपती विसर्जनानंतरचे दोन आठवडे निवडा. सप्टेंबरचा उत्तरार्ध व्हेनिसला फार देखणा असतो, आणि तेव्हा बागेलाही तुमची गरज नसते. कार्निव्हलचे मुखवटे पाहायचे असतील तर फेब्रुवारी. गोव्यातला कार्निव्हल त्याच दिवसांत असतो, त्यामुळे तारीख शोधायला सोपी. मात्र शेवटचे दोन शनिवार-रविवार टाळा. आणि नुसतं शहर हवं असेल, दुकानं-खानावळं अर्धी बंद चालत असतील, तर 7 जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे. हॉटेलं पुष्कळदा जूनच्या निम्म्या दरात मिळतात, थंडी शून्याजवळ जाते, आणि उधाणाच्या ओहोटीला लहान कालवे इतके आटतात की गोंडोला चिखलात टेकलेल्या दिसतात.